वाचकांचे प्रश्न : अशनींमधील खनिजे आणि सूर्याभोवतीचा आदिम वायू

अशनींमधील खनिजांवर आमच्याकडे आलेल्या पत्रांत एकच शंका निरनिराळ्या अंगांनी विचारलेली आहे. सूर्यमाला घडण्याच्या वेळी जो वायू होता, त्याच्या रसायनाचा ठसा आज हातात येणाऱ्या दगडावर कसा काय उरतो, ही ती शंका. निवडक प्रश्न व त्यांची उत्तरे पुढे देत आहोत.

प्रश्न : अशनींमधील काही खनिजे वायूपासून थेट तयार झाली असे वाचले. वायू निवला की आधी द्रव आणि मग घन होतो, असे आपण शिकलो आहोत. येथे द्रवाची पायरी कशी गाळली गेली? आणि कोणते खनिज आधी तयार होणार, हे कशावरून ठरते?

उत्तर : द्रवाची पायरी येणार की नाही, हे तापमानाइतकेच दाबावर अवलंबून असते. सूर्य घडत असताना त्याच्याभोवती फिरणाऱ्या वायूच्या व धुळीच्या तबकडीत, म्हणजेच सौर तेजोमेघात, दाब पृथ्वीवरील हवेच्या दाबाच्या फार तर हजाराव्या भागाइतका होता आणि बहुतेक ठिकाणी त्याहूनही पुष्कळ कमी होता. इतक्या कमी दाबाला सिलिकेटांचा (सिलिकॉन व ऑक्सिजन यांच्या खनिजांचा) किंवा लोहाचा द्रव टिकून राहत नाही. कापराची वाफ गार पृष्ठभागावर जशी थेट स्फटिकरूपाने जमते, तसे या पदार्थांचे बाष्प थेट घनरूप घेते.

तथापि कापराची उपमा येथेच सोडून द्यावी लागते, कारण कापूर वाफेतही कापूरच असतो आणि खनिजांचे तसे नाही. कोरंडम या खनिजाचा रेणू वायूत कोठेही तरंगत नव्हता. वायूत होते ते अ‍ॅल्युमिनिअमचे सुटे अणू, त्याची ऑक्सिजनबरोबरची साधी संयुगे, पाण्याची वाफ आणि प्रचंड प्रमाणात हायड्रोजन. तापमान उतरल्यावर अ‍ॅल्युमिनिअमने पाण्याच्या वाफेतील ऑक्सिजन घेतला, हायड्रोजन मोकळा झाला आणि कोरंडमचा स्फटिक उरला. म्हणजे तेजोमेघातील संघनन ही मुळात रासायनिक अभिक्रिया आहे, आणि म्हणूनच वायूमध्ये कोणते मूलद्रव्य किती आहे यावर तिचा निकाल अवलंबून असतो.

सूर्याच्या घटकांइतकेच घटक असलेला वायू हळूहळू निवत गेला तर काय काय घडेल, याचे सविस्तर गणित लॉरेन्स ग्रॉसमन यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केले. ऑस्मिअम, ऱ्हेनिअम, टंगस्टन यांसारखे धातू सूक्ष्म कणांच्या रूपाने सर्वांत आधी बाहेर पडणाऱ्यांपैकी आहेत. १४०० ते १५०० अंश सेल्सिअसच्या टप्प्यात कोरंडम, मग हिबोनाइट, पेरोव्हस्काइट, मेलिलाइट आणि स्पिनेल येतात. ही सर्व कॅल्शिअम, अ‍ॅल्युमिनिअम व टायटॅनिअम यांची खनिजे होत. ११०० अंशांच्या आसपास लोह-निकेलचा मिश्रधातू आणि फॉर्स्टेराइट, म्हणजे ऑलिव्हिन या सिलिकेट खनिजाचा मॅग्नेशिअमयुक्त प्रकार, जवळजवळ एकाच वेळी प्रकट होतात. त्यांपैकी पहिला मान कोणाचा, हे दाबावर ठरते. पुढे फॉर्स्टेराइटची वायूतील सिलिकॉन मोनॉक्साइडशी अभिक्रिया होऊन एन्स्टाटाइट हे मॅग्नेशिअमचे दुसरे सिलिकेट बनते. सुमारे ४३० अंशांना लोह वायूतील हायड्रोजन सल्फाइडशी संयोग पावून ट्रॉयलाइट, म्हणजे लोहाचे सल्फाइड, देते. हे तापमान मात्र दाबानुसार हलत नाही, कारण या अभिक्रियेत हायड्रोजन सल्फाइडचा एक रेणू खर्ची पडतो आणि हायड्रोजनचा एक रेणू मोकळा होतो, त्यामुळे वायूतील रेणूंची संख्या तितकीच राहते. पाण्याचा बर्फ येतो तो अगदी शेवटी, शून्याखाली ९० अंशांच्या सुमारास.

या क्रमातील पहिल्या टप्प्याची खनिजे ८ फेब्रुवारी १९६९ रोजी मेक्सिकोतील चिवावा प्रांतात पडलेल्या अयेंदे अशनीत भरपूर सापडली. या अशनीचा कापलेला व घासलेला तुकडा पाहिला तर करड्या-काळ्या पार्श्वभूमीवर वेड्यावाकड्या कडांचे पांढरे डाग दिसतात, आणि त्यांतील मोठे डाग सेंटिमीटरभर रुंद असतात. हेच कॅल्शिअम-अ‍ॅल्युमिनिअमयुक्त समावेश. अभ्यासक त्यांना ‘सीएआय’ म्हणतात. शिसे समस्थानिकांवरून त्यांचे वय ४५६ कोटी ७३ लाख वर्षे येते, आणि सूर्यमालेत तयार झालेले याहून जुने घन पदार्थ आपल्याला ठाऊक नाहीत.

येथे एक बाब सांगितलीच पाहिजे, कारण लोकप्रिय लेखनात ती बहुधा वगळली जाते. गणिताप्रमाणे मेलिलाइट आधी व स्पिनेल नंतर यायला हवे. पण अयेंदेमधील अनेक मोठ्या समावेशांत स्पिनेलचे बारीक स्फटिक मेलिलाइटच्या पोटात अडकलेले दिसतात, म्हणजे क्रम उलटा. याचे कारण असे की हे समावेश संघनित झाल्यावर पुन्हा वितळले होते, आणि त्या रसातून निवताना स्पिनेल सर्वांत आधी स्फटिकरूप झाले. द्रव्य वायूतून आले खरे, पण आज दिसणारी ठेवण वितळण्यातून आलेली आहे.

प्रश्न : सर्व अशनी एकाच तेजोमेघातून आले असतील, तर काहींमध्ये शुद्ध लोहधातू मुबलक आणि काहींमध्ये जवळजवळ नाहीच, असे का?

उत्तर : लोह कमी-अधिक असणे हा या फरकाचा एक भाग झाला. मोठा भाग असा की तेच लोह कोठे धातू म्हणून राहिले आणि कोठे ऑक्सिजनशी जोडले जाऊन सिलिकेटांत शिरले. यामागे ऑक्सिजनची उपलब्धता आहे, आणि अशनींचे वर्गीकरण समजून घ्यायचे तर तापमानापेक्षाही हीच किल्ली अधिक उपयोगी पडते, असे आमचे मत आहे.

सूर्याच्या द्रव्यात ऑक्सिजनच्या दर दोन अणूंमागे कार्बनचा साधारण एक अणू आहे. तप्त वायूत कार्बन सर्वांच्या आधी ऑक्सिजनला गाठतो आणि दोघांचा कार्बन मोनॉक्साइड बनतो. हा रेणू इतका घट्ट असतो की त्यातील ऑक्सिजन इतरांच्या हाती लागत नाही. उरलेल्या निम्म्या ऑक्सिजनमधून सिलिकॉन, मॅग्नेशिअम, अ‍ॅल्युमिनिअम आपापला वाटा घेतात, आणि बाकीचा पाण्याची वाफ होऊन राहतो. आपल्या सूर्यमालेतील खडक सिलिकेटांचे व ऑक्साइडांचे आहेत, याचे मूळ या साध्या हिशेबात आहे. कार्बनचे प्रमाण ऑक्सिजनच्या जवळपास बरोबरीला आले असते तर ऑक्सिजन जवळजवळ सगळा कार्बनमध्येच अडकला असता आणि पहिली खनिजे म्हणून ग्रॅफाइट, सिलिकॉन कार्बाइड, टायटॅनिअम कार्बाइड, कॅल्शिअम सल्फाइड, अ‍ॅल्युमिनिअम नायट्राइड अशी भलतीच मंडळी पुढे आली असती. जॉन लॅरिमर यांनी १९७५ मध्ये हे गणित मांडले.

तशी परिस्थिती निदान काही ठिकाणी आली असावी, याची साक्ष एन्स्टाटाइट कॉन्ड्राइट हा अशनींचा छोटा गट देतो (कॉन्ड्राइट म्हणजे बहुधा बारीक गोल मणी असलेले दगडी अशनी). त्यांच्या सिलिकेटांत लोह जवळजवळ नाही. ते सगळे धातूच्या किंवा सल्फाइडच्या रूपात आहे. एवढेच नव्हे, तर धातूत दोन-तीन टक्के सिलिकॉन विरघळलेले सापडते, जे ऑक्सिजनची भरपूर ओढ असलेले मूलद्रव्य आहे. पृथ्वीच्या कवचात कॅल्शिअम बहुतांशी सिलिकेटांत किंवा कार्बोनेटांत असते. या अशनींत ते गंधकाशी जोडलेले आढळते. कॅल्शिअम सल्फाइडचे हे खनिज, ओल्डहॅमाइट, पहिल्यांदा ओळखले गेले ते १८५२ मध्ये बस्ती येथे पडलेल्या अशनीत, आणि त्याला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे थॉमस ओल्डहॅम यांचे नाव मिळाले. तो अशनी ऑब्राइट गटाचा, म्हणजे एन्स्टाटाइट कॉन्ड्राइटांसारख्याच द्रव्यातून वितळून बनलेला आहे. टायटॅनिअम नायट्राइडचे खनिज ऑस्बोर्नाइट हेही प्रथम त्याच दगडात सापडले. ओल्डहॅमाइटला दमट हवा सोसत नाही. त्यामुळे कापलेला नमुना पाण्यापासून जपावा लागतो, आणि पाण्याने घासून तयार केलेल्या काचपट्टीवर ते खनिज जागेवर उरतच नाही.

दुसरे टोक पाण्याचे आहे. सौर वायूत हायड्रोजनच्या दर दोन हजार रेणूंमागे पाण्याचा जेमतेम एक रेणू असतो. एवढ्या हायड्रोजनमय वायूत लोहाला ऑक्सिजन मिळणे कठीण, म्हणून गणिताप्रमाणे तप्त अवस्थेतील ऑलिव्हिन जवळजवळ लोहविरहित असायला हवे. लोह त्यात शिरू लागण्याइतकी परिस्थिती अनुकूल होते ती सुमारे ३०० अंशांच्या खाली गेल्यावर, आणि तेव्हा स्फटिकातील अणूंची हालचाल इतकी मंदावलेली असते की तेजोमेघाच्या आयुष्यात ते काम पुरे होणे शक्य नाही. प्रत्यक्षात पृथ्वीवर सर्वाधिक पडणाऱ्या साधारण कॉन्ड्राइटांत मात्र लोह चांगलेच मुरलेले आहे. त्यांच्या तीन गटांपैकी एच गटाच्या ऑलिव्हिनमध्ये लोहाच्या घटकाचे प्रमाण १६ ते २० टक्के, एल गटात २५ टक्क्यांच्या आसपास आणि एलएल गटात २७ ते ३२ टक्के असते.

ब्रिटिश म्युझियममधील जॉर्ज प्रायर यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच एक नियम नोंदवला होता. अशनीत धातू जितका कमी तितका तो निकेलने समृद्ध, आणि तितकेच सिलिकेटांत लोह अधिक. निकेलला ऑक्सिजनची ओढ लोहापेक्षा कमी, म्हणून लोह धातू सोडून सिलिकेटांत गेले की मागे राहिलेल्या धातूत निकेलचा वाटा वाढतो. नियम बरोबर होता, पण पुरता नव्हता. हॅरल्ड युरी आणि हार्मन क्रेग यांनी १९५३ मध्ये शेकडो रासायनिक पृथक्करणे तपासून दाखवले की साधारण कॉन्ड्राइटांच्या गटांत लोहाचे एकूण प्रमाणच वेगवेगळे आहे. म्हणजे ऑक्सिजनच्या कमी-जास्तपणाबरोबरच धातूचे कण आणि सिलिकेटांचे कण एकमेकांपासून वेगळे होण्याची क्रियाही घडून गेली होती.

मग जास्तीचा ऑक्सिजन आला कोठून? दोन मार्ग सांगितले जातात. बाहेरच्या थंड भागातील बर्फाळ कण वायूच्या रोधामुळे सूर्याकडे सरकत आले, ज्या अंतराच्या आत बर्फ टिकत नाही त्या हिमरेषेच्या आत आल्यावर त्यांचा बर्फ उडाला आणि तेथील वायूत पाण्याची वाफ वाढली, हा एक. दुसरा असा की सिलिकेटांची धूळ एखाद्या पट्ट्यात दाटली आणि नंतर तापून बाष्परूप झाली, तेव्हा तिच्यातीलच ऑक्सिजनने तेथील वायूचे प्रमाण बदलले. यात भर म्हणून मूळ लघुग्रहाच्या पोटात बर्फ वितळून झालेले ऑक्सिडीभवनही आहे. एकाच कारणावर सगळा भार टाकणारी मांडणी वाचनात आली तर ती थोडी जपूनच घ्यावी. उलट, बर्फ बाहेरच गोठून अडकला आणि आत परतला नाही तर आतला वायू ऑक्सिजनला मुकतो, आणि एन्स्टाटाइट कॉन्ड्राइटांच्या परिस्थितीकडे जाण्याची ती एक वाट ठरते.

प्रश्न : तेजोमेघात द्रव टिकत नाही म्हणता, तर कॉन्ड्राइटांत दिसणारे गोल मणी वितळलेल्या थेंबांचे कसे?

उत्तर : हा विरोध खरा आहे, आणि त्याने अभ्यासकांना दीर्घकाळ छळले आहे. कॉन्ड्रूल म्हणून ओळखले जाणारे हे मणी बहुधा मिलिमीटरभर किंवा त्याहून लहान असतात. साधारण कॉन्ड्राइटांचा बराच मोठा हिस्सा त्यांचाच असतो. हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी एकोणिसाव्या शतकातच सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ते एकेकाळी सुटे, वितळलेले थेंब होते हे ओळखले. त्यांच्यातील ऑलिव्हिनच्या पट्ट्या व पंख्यासारखे स्फटिक प्रयोगशाळेत पुन्हा घडवून पाहिले असता असे दिसते की १५०० अंशांहून अधिक तापलेले थेंब ताशी दहा ते हजार अंश या वेगाने निवाले. म्हणजे ही संथपणे निवणाऱ्या तेजोमेघाची हकीकत नाही. आधीच घन झालेली धूळ कोठेतरी अचानक तापून पुन्हा झटपट थंड झाली.

थेंब उकळून उडून का गेले नाहीत, याचा चांगला धागा सेमारकोना या अशनीतून मिळाला. त्यातील कॉन्ड्रूलांमधील ऑलिव्हिनच्या स्फटिकांत अगदी गाभ्यापर्यंत सोडिअम आढळते. सोडिअम तापल्यावर चटकन बाष्प होणारे मूलद्रव्य आहे, आणि स्फटिकाचा गाभा सर्वांत आधी बनतो. तेव्हाही रसात सोडिअम होते याचा अर्थ भोवतालच्या वायूतही ते पुरेसे दाटलेले होते, आणि असे दाटण्यासाठी कणांची गर्दी सामान्य तेजोमेघापेक्षा कितीतरी पटींनी अधिक हवी. कॉनेल अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हे दाखवले. तापण्याचे कारण वायूतील आघाततरंग की लघुग्रहांच्या टकरी, यावर वाद चालू आहे. फक्त धातुबहुल सीबी गटाचे कॉन्ड्रूल टकरीतून उडालेल्या वाफेचे व रसाचे आहेत, याबद्दल बऱ्यापैकी एकमत आहे.

प्रश्न : काही अशनींत चिकणमातीसारखी, पाणी धरून ठेवणारी खनिजे असतात. तीही तेजोमेघातच तयार झाली का?

उत्तर : एकेकाळी तसे मानले जात असे, कारण निवणाऱ्या वायूच्या गणितात अगदी खालच्या तापमानाला अशी खनिजे स्थिर ठरतात. परंतु स्थिर ठरणे आणि प्रत्यक्षात बनणे यांत अंतर असते. इतक्या विरळ व थंड वायूत कोरड्या सिलिकेटाने पाण्याची वाफ शोषून घेण्याचा वेग इतका कमी आहे की तेजोमेघाचे काही दशलक्ष वर्षांचे आयुष्य त्याला अपुरे पडते. म्हणून आज बहुतेक अभ्यासक सर्पेंटाइन (असेच एक पाणीधारक खनिज), कार्बोनेटे आणि बरेचसे मॅग्नेटाइट यांचे श्रेय मूळ लघुग्रहाच्या अंतर्भागातील पाण्याला देतात. त्या अंतर्भागाला ऊब मिळाली ती मुख्यतः अ‍ॅल्युमिनिअम-२६ या सुमारे सात लाख वर्षे अर्धायुष्य असलेल्या किरणोत्सारी समस्थानिकापासून. बेनू लघुग्रहावरून सप्टेंबर २०२३ मध्ये पृथ्वीवर आणलेल्या १२१.६ ग्रॅम नमुन्यात सोडिअमची कार्बोनेटे आणि मीठही सापडले, जे खारट पाणी आटल्याशिवाय मिळत नाही. ओर्गे या १८६४ साली फ्रान्समध्ये पडलेल्या अशनीतील सल्फेटच्या पांढऱ्या शिरा मात्र अवकाशातील पाण्याच्या नव्हेत. तो दगड पृथ्वीवर आल्यानंतर येथल्या दमट हवेने त्या निर्माण केल्या आहेत.

प्रश्न : हे सारे गणित संगणकातले आहे. खनिजे खरोखर सौर वायूतूनच आली, याचा दगडात काही स्वतंत्र पुरावा आहे का?

उत्तर : आहे, आणि तो वेगवेगळ्या दिशांनी येतो. सीएआयमध्ये पायरॉक्सिन या सिलिकेट खनिजाचा टायटॅनिअमयुक्त प्रकार असतो. पृथ्वीवरील खडकांत टायटॅनिअम जवळजवळ नेहमी चतुःसंयुजी असते. या पायरॉक्सिनमध्ये त्याचा बराच भाग त्रिसंयुजी आहे. या दोहोंच्या प्रमाणावरून भोवतालच्या वायूतील ऑक्सिजन मोजता येतो. लोहधातू आणि लोह ऑक्साइड ज्या पातळीला समतोलात नांदतात, तिच्याहूनही तो लाखो पटींनी कमी येतो, आणि हायड्रोजनमय सौर वायूसाठी अपेक्षित असलेली पातळी नेमकी हीच आहे. मर्चिसन अशनीतील हिबोनाइटचे कण सुंदर निळे दिसतात तेही त्रिसंयुजी टायटॅनिअममुळेच. जास्त ऑक्सिजनमध्ये तापवले की तो निळेपणा जातो.

आम्हाला सर्वांत पटणारा पुरावा दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांचा वाटतो. त्सुयोशी तानाका आणि आकिमासा मासुदा यांना १९७३ मध्ये अयेंदेच्या एका समावेशात या मूलद्रव्यांचा विचित्र साचा दिसला. सर्वांत उच्च तापमानाला संघनित होणारी त्यात कमी, सर्वांत शेवटी संघनित होणारी युरोपिअम व इटर्बिअमही कमी, आणि मधली भरपूर. खडक वितळून किंवा पाण्यात भिजून असा साचा तयार होत नाही, कारण त्या क्रिया अणूंच्या आकारानुसार निवड करतात, बाष्पनशीलतेनुसार नव्हे. विल्यम बॉइंटन यांनी १९७५ मध्ये याचा उलगडा केला. सर्वांत आधी बनलेले कण सगळे चिवट अणू घेऊन वायूपासून वेगळे झाले होते, उरलेल्या वायूतून हा समावेश संघनित झाला, आणि वायू पुरता निवण्यापूर्वीच तोही त्यातून बाजूला पडला.

ऑक्सिजनच्या समस्थानिकांची साक्षही या बाजूने आहे. रॉबर्ट क्लेटन, ग्रॉसमन आणि तोशिको मायेदा यांनी १९७३ मध्ये सीएआयमध्ये ऑक्सिजन-१६ पृथ्वीच्या तुलनेत सुमारे पाच टक्क्यांपर्यंत अधिक असल्याचे दाखवले. पुढे जेनेसिस यानाने आणलेल्या सौर वाऱ्याच्या नमुन्यांचे निष्कर्ष २०११ मध्ये आले, तेव्हा सूर्याचा ऑक्सिजनही सीएआयसारखाच निघाला आणि पृथ्वी व बहुतेक अशनीच त्यापासून ढळलेले ठरले.

प्रश्न : मग उष्ण खनिज ज्या अशनीत सापडते, तो अशनी सूर्याजवळच घडला असे समजावे काय?

उत्तर : नाही. स्टारडस्ट यानाने वाइल्ड-२ या धूमकेतूची धूळ जानेवारी २००६ मध्ये पृथ्वीवर आणली. धूमकेतू म्हणजे बाहेरच्या गोठलेल्या प्रदेशाचा रहिवासी. तरीही त्या धुळीत फॉर्स्टेराइट तर होतेच, शिवाय स्पिनेल व ऑस्बोर्नाइट असलेला सीएआयसारखा एक कणही निघाला. हजार अंशांहून अधिक तापमानाला बनलेले कण तेजोमेघाच्या आतल्या भागातून बर्फाच्या प्रदेशापर्यंत वाहून गेले होते. त्यामुळे खनिजावरून ते कोणत्या वायूत व किती तापमानाला घडले हे सांगता येते, परंतु ज्या पिंडात ते शेवटी सामावले गेले त्याचा पत्ता शोधायला क्रोमिअम, टायटॅनिअम व मॉलिब्डेनमच्या समस्थानिकांकडे जावे लागते. त्यांच्या आधारे अशनींचे कार्बनी व अकार्बनी असे दोन मोठे कुल वेगळे काढता आले आहेत, आणि वाढत्या गुरूने या दोहोंच्या मध्ये अडसर घातला असावा असे अनेक अभ्यासक मानतात.